वाचकांचे प्रश्न: खाऱ्या पाण्याच्या टाकीतला हिरवा गढूळपणा

प्रश्न: माझ्याकडे ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून ती सुरू करून पाच महिने झाले. तीत दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, चार गोगलगायी आणि मऊ प्रवाळांचे दोन लहान गुच्छ आहेत. गेले तीन आठवडे पाणी इतके हिरवे झाले आहे की टाकीची मागची काच दिसत नाही. तीन वेळा निम्मे पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी नळाचेच वापरतो. त्यात क्लोरीन काढणारे द्रावण घालून मीठ विरघळवतो. रोज साधारण पाऊण लिटर पाणी आटते, तेवढे नळाचे साधे पाणी वरून घालतो. हिरवेपणा दिसू लागल्यापासून फिल्टरमधला स्पंज आणि सच्छिद्र खडे दर आठवड्याला नळाखाली खळखळून धुतो. नायट्रेटची तपासणी मात्र शून्य दाखवते. शैवालनाशक औषध घालावे, की गोगलगायी वाढवाव्यात?

उत्तर: औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. टाकीतले पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घेऊन पेला पांढऱ्या कागदावर ठेवा आणि रात्रभर हलवू नका. वाळूची धूळ असेल तर सकाळी ती तळाशी बसलेली दिसेल. दुधाळ पांढुरकेपणा राहिला तर तो बहुधा जिवाणूंचा असतो आणि त्याचा उपाय वेगळा आहे. पेल्यातले पाणी सकाळीही सारखेच हिरवे दिसले, तर ते पाण्यात तरंगणारे एकपेशीय शैवाल आहे, आणि तुमच्या वर्णनावरून ते तेच असावे. या पेशी मिलिमीटरचा काही हजारावा भाग एवढ्याच असतात, त्यामुळे त्या स्पंजमधून आरपार जातात. मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांच्या कुंडांत असे हिरवे पाणी मुद्दाम तयार केले जाते. तुमच्याकडे ते न मागता आले आहे इतकेच.

पाणी बदलून ते का जात नाही, हे समजणे अवघड नाही. निम्मे पाणी काढले की निम्म्या पेशी उरतात, आणि भरपूर उजेड व खाद्य मिळाले तर त्या दिवसाकाठी दुप्पट होऊ शकतात. म्हणजे तुमची दुपारभराची मेहनत एक-दोन दिवसांत वाया जाते. त्यातही नवे पाणी नळाचे असेल, तर त्याबरोबर शैवालाला नवा शिधाही पोहोचण्याची शक्यता असते. नायट्रेट शून्य आल्याचे समाधान मानू नका. ते तयार होताच शैवाल ते शोषून घेत असल्यामुळे तपासणीच्या नळीत काही उरत नाही. खरी तपासणी नळाच्या पाण्याची करा, आणि नायट्रेटबरोबर फॉस्फेटही पाहा.

आटलेल्या पाण्याच्या भरतीचा हिशेब तुम्ही बहुधा कधी मांडला नसेल. रोज पाऊण लिटर म्हणजे महिन्याला साडेबावीस लिटर आणि पाच महिन्यांत सुमारे ११२ लिटर, म्हणजे टाकीच्या जवळजवळ दुप्पट. वाफ होते ती फक्त पाण्याची. त्यात विरघळलेले फॉस्फेट, सिलिकेट आणि इतर क्षार टाकीतच राहतात. पाणी बदलताना त्यातला काही भाग बाहेर गेला असेल, परंतु त्या जागी पुन्हा नळाचेच पाणी आले. पाणी उकळून घेतल्याने हे क्षार जात नाहीत. यापुढे भरतीसाठी आणि मीठ विरघळवण्यासाठीही आरओचे पाणी वापरा. ते शेवटी डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून, गाळलेले असेल तर उत्तम. अशा पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, शून्याच्या जवळ यायला हवा. पिण्यासाठीच्या काही आरओ यंत्रांत शेवटी क्षार पुन्हा मिसळले जातात, तेवढे पाहून घ्या.

दुसरी चूक फिल्टर धुण्याची आहे, आणि तुमचा हेतू चांगला असला तरी मला ती अधिक गंभीर वाटते. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या सच्छिद्र खड्यांवरच वस्ती करून असतात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते. जिवाणू कमी झाले की उरलेला अमोनिया शैवालाच्या तोंडी पडतो. स्पंज जरूर धुवा, पण टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पिळून. खड्यांना सध्या हात लावू नका.

आता उपाय. सर्वांत आधी हवेचा पंप लावा आणि पाण्याचा पृष्ठभाग चांगला ढवळता राहील असे पाहा. हे सोडून पुढचे काहीही करू नये, कारण शैवाल उजेडात प्राणवायू देते, पण अंधारात तोच प्राणवायू घेते, आणि मरून कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू आणखी घटतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत असतील, तर प्राणवायू आताच कमी पडतो आहे असे समजा. अमोनिया तपासा, तो दिसला तर अंधाराचा बेत थांबवून आधी पाणी बदला. तो नसेल तर एकतृतीयांश पाणी बदलून दिवे बंद करा आणि टाकी जाड कापडाने चहूबाजूंनी अशी झाका की कुठूनही उजेडाची तिरीप आत जाणार नाही, मात्र वरून हवा खेळती राहील. तीन दिवस हा अंधार पुरे. तुमच्याकडे प्रवाळ आहेत आणि त्यांच्या अंगातल्या शैवालालाही उजेड लागतो, म्हणून मुदत वाढवू नका. सुदृढ क्लाउनफिश तीन दिवस सहज उपाशी राहतात. खाद्य घालू नका. रोज सकाळी एकदा कापडाची कड उचलून मासे पाहा, तेवढे पुरते.

चौथ्या दिवशी कापड काढल्यावर पाणी हिरवे न दिसता धुरकट दिसेल. ते मेलेले शैवाल असून बाहेर काढले नाही तर त्याचेच पुन्हा खत होते. फिल्टरमध्ये बारीक फ्लॉसचा (कापसासारख्या कृत्रिम तंतूंचा) थर घालून तो रोज बदला, धुऊन घेतलेला सक्रिय कोळसा ठेवा, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) असेल तर तो चालूच राहू द्या, आणि पंधरा ते वीस लिटर पाणी बदला. नवे खारे पाणी आदल्या दिवशी कालवून फिरते ठेवा. त्याचे तापमान टाकीएवढे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असू द्या. पुढे दिवे दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नकोत, आणि गोठवलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी गाळून टाकून मगच घाला.

एवढे करूनही हिरवेपणा परतला, तर लहान यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे नळीतून जाणाऱ्या पाण्यावर अतिनील किरण टाकणारा दिवा, बसवा. प्रवाह मंद ठेवला तर आठवडाभरात फरक दिसतो. तो फक्त आपल्या नळीतून जाणाऱ्या पेशींना मारतो, त्यामुळे खडकांवरच्या जिवाणूंना इजा होत नाही. दिवा वरून पेटलेला दिसला तरी त्याची ताकद घटत जाते, म्हणून सतत वापरात असल्यास तो साधारण वर्षाने बदलावा. उघड्या दिव्याकडे मात्र कधी पाहू नये.

शैवालनाशक औषध माझ्या मते नकोच. अशा अनेक औषधांत तांबे असते आणि कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना ते थोड्या प्रमाणातही घातक ठरते. शिवाय ते खडकांत आणि वाळूत मुरून राहते. गोगलगायी काच आणि दगड खरवडून खातात, तरंगते शैवाल त्यांच्या हाती लागत नाही. त्या वाढवल्या तर खाद्य न मिळून मरतील आणि अमोनिया मात्र वाढेल.

त्याच वाचकांचे पुढचे पत्र: अंधारानंतर पाणी नितळ झाले आणि आरओचे पाणी सुरू केले आहे. पण आता काचेवर हिरवा पातळ थर धरतो. हे पुन्हा तेच का?

उत्तर: नाही. खडकांत आणि वाळूत साठलेले फॉस्फेट काही आठवडे पाण्यात उतरत राहते आणि आता त्यावर काचेचे शैवाल वाढते आहे. हे बरे लक्षण आहे, कारण ते हाताने काढता येते. समोरची काच दोन दिवसांआड चुंबकी घासणीने साफ करा आणि मागची तुमच्या चार गोगलगायींसाठी सोडून द्या.