लोकल केबल चॅनल मोठ्या नेटवर्कने घेतलं तर बातम्यांत खरंच फरक पडतो का? आणि अमेरिकेसारखी मालकीवर मर्यादा आपल्याकडे का नाही?

पडतो. आणि तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय ना, की "मालक कुणीही असो, शेवटी प्रेक्षकाला हवं तेच दाखवावं लागतं", ते वाक्य मी आमच्या घरात जेवताना इतक्यांदा ऐकलंय की आज ठरवूनच लिहायला बसले. माझे धाकटे दीर केबल ऑपरेटर, आणि त्यांच्या लोकल चॅनलवर बातम्या मी वाचायचे. वाचायचे म्हणजे लिहायचे पण मीच, नगरपालिकेत फोन मीच लावायचे, आणि कॅमेरावाला पोरगा लग्नाच्या ऑर्डरवर गेला असेल तर कॅमेरा पण माझ्याच गळ्यात. तालुक्याचं गाव आहे, नाव लिहीत नाही, लोक लगेच ओळखतात.

कंट्रोल रूम आमच्याच गच्चीवर होती. पत्र्याची खोली, आत रिसिव्हरची रांग, प्रत्येक चॅनलला एक रिसिव्हर आणि एक मॉड्युलेटर, म्हणजे सिग्नल केबलवर चढवणारा डबा, सगळं एका ठिकाणी गोळा होऊन एक जाड काळी वायर गावात जायची. त्यातलाच एक मॉड्युलेटर आमचा, त्याला कॉम्प्युटर जोडला की झालं चॅनल तयार. नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात, १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे, फॉर्म भरला की काम झालं. कमाई म्हणजे साड्यांचा सेल, क्लासेसच्या जाहिराती आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. निधनाची पट्टी मात्र फुकट, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त बघितलं जायचं ते तेच. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, दहावा कुठे. माझ्या बातम्या लोक पट्टीची वाट बघता बघता ऐकायचे, हे मला पक्कं माहीत होतं आणि त्याचं वाईट कधी वाटलं नाही.

तर एका उन्हाळ्यात नळाला पिवळट पाणी यायला लागलं. मी घरातल्याच नळाखाली काचेचा ग्लास धरला, पांढऱ्या भिंतीपुढे ठेवून शूट केला, थोड्या वेळाने तळाशी गाळ बसल्यावर परत शूट केला. बातमीत अजून फार काही नव्हतं, फिल्टर प्लांटवरची तुरटी संपली होती आणि नवीन टेंडर अडकलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरपालिकेतून भाऊजींना फोन. भाऊजी फोनवर म्हणाले, "हो हो, वहिनीला सांगतो", फोन ठेवला आणि मला म्हणाले, चहा टाका. झालं. तुरटी येईपर्यंत मी रोज संध्याकाळी तोच ग्लास नव्याने भरून दाखवला. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, आज ग्लास कसा आहे.

भाऊजी काही मोठे निर्भीड पत्रकार वगैरे नव्हते. पण मालक तेच पाणी पीत होता, आणि त्याचं पोट दर महिन्याला दारोदार जाऊन गोळा केलेल्या वर्गणीवर होतं. नगरपालिकेकडून त्याला काही नको होतं. बस्स, स्वातंत्र्य म्हणतात ते एवढ्यावरच उभं होतं.

मग आलं डिजिटायझेशन. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत, २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक वगैरे, आणि आमच्यासारख्या गावांचा नंबर तिसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ डिसेंबर २०१५, जी पुढे कोर्टकचेऱ्यांत बऱ्याच ठिकाणी सरकली. सेट टॉप बॉक्स आले, चित्र स्वच्छ झालं, सगळे खूश. पण आत काय बदललं ते कुणी गावाला सांगितलं नाही. ॲनालॉगमध्ये सिग्नल आमच्या गच्चीवर तयार होत होता. डिजिटलमध्ये सिग्नल एन्क्रिप्ट करून पाठवायचा, त्याला स्वतःचा डिजिटल हेडएंड, म्हणजे गच्चीवरच्या खोलीची डिजिटल आवृत्ती, पाहिजे, तो खर्च तालुक्याच्या ऑपरेटरच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून एमएसओचा, म्हणजे वरच्या मोठ्या नेटवर्कचा, फीड घ्यायचा. बॉक्स त्यांचे, ग्राहकांची यादी त्यांच्या सर्व्हरवर, चॅनल कितव्या नंबरवर दिसणार ते त्यांच्या हातात, आणि आमचा मॉड्युलेटर भंगारात. एकही कागद सही न करता अर्धी मालकी तिथेच गेली होती. उरलेली अर्धी भाऊजींनी वर्षभरात विकली, आमच्याच जिल्ह्यातल्या एका नेटवर्कला.

पहिला फरक पट्टीत दिसला. फीड जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला लागला आणि आमच्या टीव्हीवर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावातली निधनं दिसायला लागली. आमच्या गल्लीतले आप्पा गेले त्याची पट्टी नाही, आणि ज्यांचं आडनावही कधी ऐकलं नाही त्यांच्या तेराव्याचं आमंत्रण. लोक माझ्या घरी फोन करायचे, वहिनी, पट्टी टाका ना. मी कुठून टाकू?

पुढच्या उन्हाळ्यात पाणी परत पिवळं. मी परत ग्लास भरला. नेटवर्कने नेमलेला कोऑर्डिनेटर होता, चांगला पोरगा, इंजिनिअर, अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, नगरपालिकेचं शक्यतो नको, आपली फायबर त्यांच्या खांबांवरून जाते आणि खोदाईची परवानगी त्यांच्याकडे पेंडिंग आहे. बघा, कुणी धमकी दिली नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, मालकाचा फोनसुद्धा आला नाही. त्या पोराचं बोलणं धंद्याच्या हिशोबाने बरोबरच होतं! पण तो राहायला जिल्ह्याच्या ठिकाणी होता आणि त्याच्या नळाला स्वच्छ पाणी येत होतं. मालकीचा फरक पडतो म्हणजे असा पडतो हो. लोक समजतात मालक वरून ऑर्डर सोडतो, अमुक बातमी मारा. तशी वेळच येत नाही, कारण धंदा जितका पसरलेला तितक्या जास्त लोकांची परवानगी लागते, आणि ज्याची परवानगी लागते त्याची बातमी होत नाही.

मग २०१६ च्या नगरपालिका निवडणुका, त्या वेळी नगराध्यक्ष थेट जनतेतून होते त्यामुळे पैसा पण जोरात होता. बुलेटिनची वेळ प्रचारसभांच्या रेकॉर्डिंगला विकली गेली, रेट कार्ड जिल्ह्यातून यायचं. निकाल लागले, मिरवणुका झाल्या, बुलेटिन काही परत आलं नाही. त्याजागी जिल्ह्याचं एकत्र बातमीपत्र, त्यात आमच्या गावाला मिनिटभर मिळाला तर मिळाला, तोसुद्धा कुणीतरी रिबन कापल्याचा.

आणि ह्यावर भाऊजींचं म्हणणं काय, तर "लोकांना लोकल बातमी नकोच होती वहिनी, सिरियल पाहिजे." अहो, लोकांना विचारलं कुणी? एमएसओला सॅटेलाइट चॅनल नाकारताना भेदभाव करता येत नाही, तसा ट्रायचा, म्हणजे केबल-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. पण लोकल चॅनल सॅटेलाइट चॅनलच नाही, त्यामुळे त्याला ते संरक्षण नाही, ते काढलं तर दाद कुठे मागायची? दुकानातून माल काढून टाकायचा आणि मग म्हणायचं गिऱ्हाईक मागत नाही, असला हा हिशोब.

आता तुमचा मर्यादेचा प्रश्न. अमेरिकेत एका कंपनीची स्टेशनं मिळून देशातल्या ३९ टक्क्यांपेक्षा जास्त टीव्ही घरांपर्यंत पोचू नयेत असा नियम आहे, त्यातही मोजणीच्या पळवाटा आहेतच. आणि मर्यादा असूनही २०१८ मध्ये सिंक्लेअर कंपनीच्या कितीतरी स्टेशनांवरच्या अँकरनी एकच स्क्रिप्ट शब्दशः वाचली, ते तुकडे शेजारी शेजारी जोडलेला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी तो बघताना त्यांच्या चेहऱ्यांकडेच बघत होते. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्या तोंडून गावाला सांगायचं म्हणजे काय ते वाचणाऱ्यालाच कळतं.

आपल्याकडे? डीटीएचसाठी २००१ च्या नियमांत ब्रॉडकास्टरने, म्हणजे चॅनलच्या मालकाने, डीटीएच कंपनीत २० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा घेऊ नये असं होतं, केबलला तसं बंधन घातलंच नाही. ट्रायने २०१३ मध्ये केबलच्या मक्तेदारीवर शिफारशी दिल्या, २०१४ मध्ये एकूण मीडियाच्या मालकीवर दिल्या, राजकीय पक्षांना ह्या धंद्यात येऊ देऊ नका हे तर त्याआधीपासून सांगत आलेत. कायदा झाला नाही. का झाला नाही ते तमिळनाडूकडे बघून समजून घ्या, तिथे सन टीव्हीवाल्या सन समूहाची सुमंगली केबल आणि त्याच घराण्याचा पक्ष, द्रमुक, मग घरात भांडण झाल्यावर २००७ मध्ये सरकारनेच अरसू केबल काढली, मग ती मरगळली, मग २०११ मध्ये जयललितांनी महिना ७० रुपयांत परत सुरू केली. म्हणजे वायर कुणाच्या हातात ह्याची किंमत नेत्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. कायदा करून ती सोडतंय कोण?

बाकी वरच्या पातळीवर काय चाललंय ते तुम्हाला माहीत असेलच. रिलायन्सने २०१४ मध्ये नेटवर्क१८ घेतलं, २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन ह्या दोन्ही मोठ्या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नीबरोबरचा व्यवहार पूर्ण होऊन स्टार आणि कलर्स एका छताखाली आले. चॅनल पण त्यांचं आणि वायर पण त्यांची. एनडीटीव्ही २०२२ च्या शेवटी अदानींकडे गेली. ह्यावर सगळे बोलतात, प्राइम टाइमवर बोलतात, पण तालुक्यातलं चॅनल गेलं की अग्रलेख कुठे येत नाही, म्हणून मी ह्या खालच्या पातळीवरचं लिहिलं.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला पाहिजेत. लोकल चॅनलवाले काही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. बातमी न दाखवण्याचे पैसे घेणारे मला माहीत आहेत, आणि नगरसेवकाचंच चॅनल असलेली गावं तर ढिगाने. लहान मालक म्हणजे चांगला मालक असं माझं म्हणणं नाही. आणि भाऊजींवर कर्ज होतं, बॉक्सचे पैसे आधी भरायचे होते, त्यांनी विकलं नसतं तर ते बुडाले असते हे पण खरं, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणत नाही तो भाग वेगळा. यूट्यूबवर आता गावोगाव चॅनलं निघालीत, त्यातली काही चांगलं काम करतात, पण ते शोधून बघावं लागतं. रिमोट दाबता दाबता समोर आलं आणि सासूबाईंनी बघितलं, तसं तिथे होत नाही.

तुमच्या गावातलं चॅनल अजून विकलं गेलं नसेल किंवा बोलणी चालू असतील तर ऑपरेटरला गाठा. ३० नोव्हेंबर २०२२ च्या सरकारी नियमावलीप्रमाणे अशा चॅनलना प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात, एमएसओला प्रत्येक चॅनलमागे १,००० रुपये भरून ऑनलाइन नोंदणी करता येते, लोकल बातम्या दाखवायच्या तर कंपनी म्हणून नोंद लागते, आणि दाखवलेलं ९० दिवस जपून ठेवायचं असतं. पण कुठल्या गावाला किती वेळ द्यायचा ते त्यात कुणी सक्तीचं केलेलं नाही. ते करारातच लिहून घ्यावं लागतं: रोजचं बुलेटिन गावातूनच जाईल, पट्टी गावातूनच टाकली जाईल, आणि निवडणुकीच्या काळात ही वेळ विकली जाणार नाही. भाऊजी म्हणतात असल्या करारावर कुठलंच नेटवर्क सही करणार नाही. असेल. पण त्यांनी विचारलं होतं का, एवढं मी इतकी वर्षं विचारतेय, आणि त्याचं उत्तर अजून जेवणाच्या टेबलावर आलेलं नाही.