नोकरी सॉफ्टवेअरची, चळवळ पाण्याची, वर छंद आणि सोयरे-धायरे: एका माणसाला हे कसं जमतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २६, नांदेडला घरूनच सॉफ्टवेअरचं काम करता, एका पक्षाच्या युवक शाखेत ओढले गेलात, तबला सुटत चाललाय, मित्र आणि नातेवाईक नाराज. सगळं सांभाळणारी माणसं दिवसाचं वेळापत्रक आखतात तरी कसं, आणि झोपतात किती?

मी लातूरचा. हीच कसरत २०१६ पासून करतोय म्हणून लिहितो. दिवसाचं वेळापत्रक मी आखत नाही. दोन वर्षं आखून पाहिलं. मोबाईलमध्ये रंगीत चौकोन केले होते, सहा ते सात हे, सात ते आठ ते. चौकोन मोबाईलमध्ये राहिले आणि दिवस त्याच्या मनाला येईल तसा गेला.

शहाणपण आलं ते वडिलांकडं बघून. औसा तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. सोयाबीनची रास चालू असताना वडील कुणाच्या बारशाला गेलेले मला आठवत नाहीत. तोच माणूस उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस सोयऱ्यांकडं हिंडतो, पारावर बसतो, भजनाला रात्र जागवतो. रोज दोन तास पेरणी आणि दोन तास पाहुणे असं कुठला शेतकरी करतो? मीही आता दिवस वाटत नाही, वर्ष वाटतो. नोकरीत नवं व्हर्जन बाहेर पडायचं असेल तो महिना नोकरीचा, आणि तेव्हा चळवळीतल्या लोकांना आधीच सांगतो की वीस तारखेपर्यंत मी मेलो समजा. लोकांना नकाराचा राग कमी येतो, ऐनवेळी न येण्याचा जास्त येतो.

चळवळीत कसा आलो ते सांगतो, कारण पुढचं त्यावर बेतलंय. २०१६ च्या एप्रिलात मी पुण्यात हिंजवडीला होतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बहिणीनं फोन केला, "रेल्वे आली बघ पाण्याची." मी तेव्हा ऑफिसात थंडगार हवेत बाटलीबंद पाणी पीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी राजीनामा वगैरे काही दिला नाही, ती गोष्ट सिनेमात होते. पण गावाकडच्या पोरांच्या पाण्याच्या गटात शिरलो, आणि २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो परत गेलोच नाही.

आता कामाचं. आमचा क्लायंट शिकागोचा. त्यांचा सकाळी साडेनऊचा कॉल आमच्याकडं उन्हाळ्यात रात्री आठला पडतो, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागं केली की नऊला. म्हणजे संध्याकाळ गेली. आणि कार्यकर्त्यांची बैठक असते नेमकी संध्याकाळी. सातची ठरते, साडेआठला सुरू होते, अकराला चहावर येते. तिथं मी कधीच बसू शकणार नव्हतो. पहिली काही वर्षं एका कानात हेडफोन लावून बसायचो, दोन्हीकडं अर्धा. मग कळलं की चळवळीत दिवसाउजेडी करायची, कुणालाच नको असलेली ढीगभर कामं असतात. तहसीलला जाणं, पंचायत समितीत कागद मागणं, माहिती अधिकाराचे अर्ज. ती मी अंगावर घेतली. भाषणं, घोषणा, फोटो दुसऱ्यांना.

माहिती अधिकाराचा अर्ज तर नोकरदारासाठीच केलाय असं वाटतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणं एक विषय आणि दीडशे शब्द, की झालं. पुढं तीस दिवस तो तिकडं शिजतो, मी इकडं माझं काम करतो. उत्तर नाही आलं तर वीस रुपयांत पहिलं अपील. तारखा कॅलेंडरात टाकून ठेवायच्या, आठवण मोबाईल करतो. एकदा आम्ही टँकरच्या खेपांची लॉगबुकं मागवली. बाकीच्यांना तो कागदांचा गठ्ठा वाटला, मला तो डेटा दिसला. दोन रात्री बसून एक्सेलमध्ये भरला, तर एकच टँकर एकाच वेळी दोन गावांत पाणी ओतताना सापडला. नोकरीतली सवय चळवळीत अशी कामी येते. भाषणापेक्षा त्या एका तक्त्यानं ग्रामसभेत जास्त गोंधळ घातला.

ग्रामसभेचंही तसंच सोपं आहे. कायद्यानं वर्षाला किमान चार. आमच्याकडं त्या बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. चारही दिवस कंपनीला सुट्टी! गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, यांतला जो आकडा कमी तो. त्यामुळं आदल्या दोन संध्याकाळी दारोदार फिरावं लागतं, त्या दोन दिवसांच्या कॉलची बदली मी आधीच ठरवतो.

पक्षाचं पद मी घेतलेलं नाही, तुम्ही घेणार असाल तर नेमणूकपत्र एकदा नीट वाचा. बाहेरचं काम, पद, समाजमाध्यमांवरचं लिखाण यांवर काय अटी आहेत ते बघा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर पत्रकसुद्धा बनवू नका. मी एकदा बनवलं. दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागाचा अतिशय सभ्य मेल आला, तो वाचताना कान लाल झाले.

छंदाबद्दल मात्र मी हट्टी आहे. मला जुन्या बारवांचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचं वेड आहे. टेप लावून मापं घ्यायची, आलेखाच्या कागदावर पायऱ्या काढायच्या, बस्स. परभणी जिल्ह्यात चारठाण्याला जा, वालूरला जा. वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार उतरतात, तासभर बसलं तरी डोळ्यांचं पोट भरत नाही. एका मित्रानं सांगितलं, पाण्याचाच विषय आहे, याची मोहीम करू. केली. महिनाभरात ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज, सफाईच्या तारखा, कुणाचं नाव बातमीत आलं आणि कुणाचं नाही यावरून रुसवे. मी वर्षभर एकाही बारवेत उतरलो नाही. शेवटी मोहीम ज्यांना आवडते त्यांच्या हवाली केली आणि पुन्हा एकटा टेप घेऊन जायला लागलो. तुमच्या तबल्याला कुणी प्रचाराच्या कार्यक्रमात बसवायला आलं तर सांगा, तबला फुटलाय.

नातेवाईक हा सगळ्यात अवघड पेपर. आमच्याकडं नियम एकच: लग्न चुकलं तर चालतं, माती चुकता कामा नये. मातीला मी कॉल सोडूनही जातो. लग्नांना टॉवेल-टोपी पाठवतो, आणि पुढच्या महिन्यात नवरा-नवरीला घरी जेवायला बोलवतो. मांडवात दोन हजार माणसांत तोंड दाखवण्यापेक्षा हे बरं पडतं, असं माझं मत. माझ्या आत्याचं नाही. २०२४ मध्ये आमच्याकडं लोकसभेचं मतदान ७ मे ला होतं, ऐन लग्नसराईत. तेव्हा चार लग्नं चुकली, त्यातली दोन अजून ऐकवली जातात.

त्याच वर्षीची फजिती. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आमच्याकडं दिवाळीहून मोठी. रानात कडब्याची कोप करायची, भज्जी, आंबील, उंडे, सगळं गाव शिवारात. ११ जानेवारीची सुट्टी मी टाकली, मजेत गेली, यंदाची येळवस झाली म्हणून निश्चिंत. पण २०२४ मध्ये ती दोनदा आली! दुसरी ३० डिसेंबरला, सोमवारी, आणि नाताळाच्या सुट्टीवर गेलेल्यांच्या बदल्यात ऑन-कॉल मी. पंगत बसली आणि सर्व्हर पडला. रेंज फक्त विहिरीच्या काठावर. दीड तास मी तिथं उन्हात लॅपटॉपवर रुमाल धरून, आणि इकडं चुलते ओरडतायत, "येळवशीला बी नोकरी? कसली रं ही नोकरी?" आता डिसेंबरात नवं पंचांग आलं की पहिल्यांदा येळवस बघतो, मग कंपनीच्या सुट्ट्या.

एक गोष्ट माझ्यासारखे पुरुष अशा उत्तरांत लिहीत नाहीत. मला हे "जमतं" त्यात बायकोचा वाटा मोठा आहे. ती शाळेत शिकवते, तरी आल्यागेल्याचा चहा, आईची औषधं, मुलीचा अभ्यास बराच काळ तिच्याच अंगावर होता. एकदा तिनं महिनाभर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, कोणत्या दिवशी मी घरी जेवलो. नऊ दिवस निघाले. वही माझ्यासमोर ठेवली आणि काही बोलली नाही. तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार स्वयंपाक माझा, त्या दिवशी फोन फ्रिजवर. टीम लीडची जागा आली होती, तिला मी नाही म्हटलं. पगारात फरक पडला, तो दिसतो. क्रिकेट बघणं बंद झालं, मालिका तर माहीतच नाहीत.

झोपेचं विचारलंत. कॉल दहाला संपतो, साडेअकराला आडवा होतो, सकाळी साडेसहाला मुलीची व्हॅन येते. निवडणुकीच्या महिन्यात चार-पाच तास, आणि त्याची वसुली नंतरच्या रविवारी दुपारी, दार लावून.