मक्यातली ‘लष्करी’ आणि सोयाबीनमधली ‘स्पोडोप्टेरा’: वंश एक, जाती दोन

पलूसकडच्या दादांनी विचारलंय की शेजारच्या मक्यातली लष्करी अळी सोयाबीनवर आली का, आणि मक्याच्या सापळ्यातली ल्युअर (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारी वडी) तिकडे चालेल का.

गोंधळ नावामुळे होतो. दुकानात सोयाबीनवरच्या अळीलाच ‘स्पोडोप्टेरा’ म्हणतात, पण ते नाव अख्ख्या वंशाचं आहे. १८५२ साली गेने यांनी तो वंश मांडला. नावाचा अर्थ राखाडी पंखांचा, कूळ नॉक्टुइडी. मक्यातली लष्करी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, मूळची अमेरिकेतली, भारतात २०१८ ला शिवमोग्ग्याजवळ पहिल्यांदा सापडली. सोयाबीन, भुईमूग, द्राक्षाच्या पानांवर येते ती स्पोडोप्टेरा लिट्युरा, आपल्याकडची जुनीच.

ओळखायला किमान बोटाच्या पेराएवढी अळी घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि आधी शेपटीकडचा भाग बघा. शेवटून दुसऱ्या दिसणाऱ्या खंडावर चार काळे ठिपके चौकोनात असतील तर फ्रुजिपर्डा. डोक्यावरच्या उलट्या इंग्रजी ‘वाय’ (Y) सारख्या शिवणीवर एकटीवर विसंबू नका. ती शिवण सगळ्याच अळ्यांना असते, फ्रुजिपर्डात फिकट रंगामुळे उठून दिसते एवढंच. लिट्युराला पोटाच्या पहिल्या आणि आठव्या खंडावर दोन्ही बाजूंना काळे त्रिकोणी डाग असतात, अंगावर पिवळसर रेघा. अगदी लहान अळ्यांवर या खुणा धड दिसत नाहीत, त्यांच्यावरून ठरवायला जाऊ नका.

दोघींचे अंडीपुंज केसाळ लवेने झाकलेले असतात, त्यावरून फरक कळत नाही. पतंगात फ्रुजिपर्डाच्या फक्त नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा डाग असतो, मादी नुसती मळकट. लिट्युराच्या तपकिरी पंखावर फिकट रेघांची जाळी.

ल्युअरचं म्हणाल तर मक्याची सोयाबीनला चालत नाही. प्रत्येक जातीच्या मादीचा गंध वेगळा असतो. ‘पतंगच नाहीत’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा पाकिटावरचं जातीचं नाव वाचलेलं नसतं. एकरी पाच सापळे लावा.

सोयाबीनमध्ये जाळीदार झालेलं पान उलटं करून पाहा. पिल्लं एकत्र असतील तर ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाका. या टप्प्यावर फवारणीपेक्षा हे स्वस्त पडतं. अळ्या पांगल्या की दिवसा ढेकळाखाली लपतात, म्हणून फवारणी संध्याकाळीच, आणि औषधाच्या लेबलवर सोयाबीन आहे ना ते बघून. मक्यात इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम, नोझल पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) धरून. पोंगा भुशासारख्या विष्ठेने बुजला असेल तर अळी मोठी झाली, औषध आत पोचत नाही. तिथे हातानेच वेचा.