तो अंक परत येऊ दे

प्रिय,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्या बाजूने आणि एकदा गिऱ्हाइकाच्या बाजूने. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्यावरच चिडलो, म्हणून उत्तर लगेच लिहिलं नाही.

कॉमिकचा अंक परत करायला निघालेला तो माणूस लबाड आहे का, असं तू विचारतेस. मला कसं कळणार? आणि तुला तरी कसं? तू अंक 'नियर मिंट', म्हणजे जवळजवळ कोरा, म्हणून विकलास. त्याला कण्यावर, म्हणजे अंकाच्या घडीच्या कडेवर, चार चुण्या सापडल्या आणि त्यातल्या दोन चुण्यांवर रंग मोडून खालचा पांढरा कागद दिसतोय. त्याचा फोटो तूच मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, "काका, एवढ्याशा रेघा!" अगं, आपला सगळा धंदाच एवढ्याशा रेघांचा आहे. दहाच्या मापात ९.४ म्हणजे नियर मिंट आणि ८.० म्हणजे व्हेरी फाइन. मधलं अंतर वाचणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही, जमवणारा मात्र पैसे त्या अंतराचेच मोजतो. तू त्याच्याकडून ९.४ चे पैसे घेतलेस.

आपल्या अंकातला दोष गिऱ्हाइकाच्या आधी आपण सांगायचा. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि विक्रीच्या जाहिरातीत अंक चकाकणाऱ्या पिशवीत असतानाच काढलेले दोन फोटो टाकलेस. दिव्याचा झोत नेमका कण्यावर पडलाय, चुण्या दिसतच नाहीत. मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे, पण त्याला ते कसं ठाऊक असणार?

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहिलं होतं, हा तुझा दुसरा मुद्दा. ते वाक्य मन बदललेल्या माणसापुरतं चालतं. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार आली की त्याचा काही उपयोग नाही. तू विकतेस त्या ईबेच्या ऑनलाइन बाजारात अशी तक्रार करायला गिऱ्हाइकाला माल पोचल्यापासून ३० दिवस असतात, तुला उत्तर द्यायला कामाचे ३ दिवस मिळतात आणि परतीचा टपालखर्च विकणाऱ्याच्याच माथी बसतो. तू गप्प राहिलीस तर निकाल ईबेवाले लावतील, आणि तो तुझ्या बाजूने लागेल या भ्रमात राहू नकोस. बाकी नियम तू वाचशीलच. मला बोलायचंय ते नियमांच्या पलीकडचं आहे, कारण एकदा नियम माझ्या बाजूने होते.

सत्तरच्या दशकातला, मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचा एक साधा अंक मी विकला होता. १९७४ पासून काही काळ मार्व्हल वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटी तिकिटं छापत असे. मुलांनी ती कापून वहीत चिकटवायची होती, आणि मुलांनी ती इमानेइतबारे कापली. वुल्व्हरिन हा गाजलेला नायक जिथे पहिल्यांदा पुरता दिसला, त्या 'हल्क' मालिकेच्या १८१व्या अंकाचं तिकीट जागेवर आहे का, हे आज नवखासुद्धा आधी विचारतो. मलाही हे सगळं पाठ होतं. पण हा अंक साधा, म्हणून मी मुखपृष्ठ पाहिलं, कणा पाहिला, पिना गंजल्या नाहीत ना ते पाहिलं आणि पिशवी बंद केली. आतली पानं उलटली नाहीत.

गिऱ्हाइकाने तो अंक दोन महिने तसाच ठेवला. मग उघडला, तर तिकिटाच्या जागी चौकोनी भोक. त्याने सभ्य भाषेत कळवलं आणि सोबत फोटो जोडला. मी उत्तर दिलं की मुदत उलटून गेली आहे, आणि ते तिकीट तुम्हीच कापलं नसेल कशावरून? नियमाने मी बरोबर होतो. पण फोटोतली कापलेली कड पानाच्या बाहेरच्या कडेइतकीच पिवळी पडलेली होती. ती कात्री कित्येक दशकांपूर्वीची होती आणि हे मला फोटो पाहताक्षणी कळलं होतं. कळूनही मी ते उत्तर पाठवलं. त्याने पुन्हा लिहिलं नाही, पुन्हा काही घेतलंही नाही.

आता तू म्हणशील, काका, तुम्हीच असं वागलात आणि मला शिकवता! तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. त्याच सुमारास माझ्याकडे एक अंक परत आला होता आणि तो माझा नव्हताच. अंक तोच, क्रमांक तोच, पण प्रत दुसरी आणि कितीतरी खराब. माझ्या प्रतीची वरची पिन किंचित तिरपी होती, ह्याची सरळ. पण माझ्याकडे फोटो फक्त मुखपृष्ठाचा, मग सिद्ध काय करणार? पैसे गेले, प्रतही गेली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं मी पुढच्या प्रत्येक तक्रारीकडे चोर म्हणूनच पाहायला लागलो. हे मी कारण म्हणून सांगतोय. सबब म्हणून ते पुरत नाही, हे मलाही कळतं.

म्हणून फोटोंच्या बाबतीत मी हट्टी झालो, तुझ्या भाषेत विक्षिप्त. अंक पिशवीतून बाहेर काढायचा. पुढून, मागून, कण्यावर तिरपा उजेड टाकून, चारही कोपरे, दोन्ही पिना, मधलं पान, पत्रांचं पान. मुखपृष्ठाची छपाई थोडी सरकलेली असते, कापणी वाकडी असते, त्या खुणांवरून आपली प्रत ओळखता येते. दोष दाखवणारा फोटो आणि चोर पकडणारा फोटो एकच असतो, हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली. दोष आधी आपण सांगितला की खऱ्या गिऱ्हाइकाला तक्रारीला जागा उरत नाही आणि खोट्याला बदलाबदलीला.

हेच ग्रेडबद्दल, म्हणजे अंकाच्या स्थितीच्या त्या मापाबद्दल. कच्च्या अंकाला, म्हणजे सीजीसीसारख्या ग्रेड ठरवणाऱ्या कंपनीने तपासून प्लास्टिकच्या पेटीत बंद न केलेल्या अंकाला, आपण लावतो ती ग्रेड हे आपलं मत असतं, आणि आपल्याच वस्तूबद्दलचं मत नेहमी अर्धी पायरी वर असतं. मी मनात येईल त्याच्या एक पायरी खाली लिहितो. तुला हे भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे. आणि पेटीबंद अंकाला तरी दोष नसतो असं कुठाय? प्रवासात पेटीला तडा जातो, तिच्यावर ओरखडे असतात. तेही लिहायचं. जांभळं लेबल असेल, म्हणजे अंकाची डागडुजी झालेली असेल, तर पहिल्याच ओळीत लिहायचं. शेवटच्या ओळीत लिहिलेला दोष हा लपवलेला दोष असतो.

पॅकिंगबद्दल फार लिहीत नाही, ते तुझं चांगलं आहे. फक्त पिशवीच्या झाकणाची चिकटपट्टी मागच्या बाजूला दुमडत जा. अंक बाहेर काढताना ती मुखपृष्ठाला चिकटली की रंगासकट निघते, आणि मग तो दोष कुणाचा यावर दोघांनी भांडत बसायचं.

आता तुझं ते रागाचं उत्तर. पाठवू नकोस. थोडे पैसे परत देते, अंक ठेवा, असंही आपण होऊन म्हणू नकोस. काहींना ते शहाणपणाचं वाटतं, मला ती दोषाची घासाघीस वाटते. त्याने विचारलं तर बघ. तू एवढंच लिही, की कण्यावरच्या चुण्या वर्णनात यायला हव्या होत्या, त्या माझ्याकडून राहिल्या. अंक आला तसाच परत पाठवा, येण्याचा खर्च माझा, मिळाला की पूर्ण रक्कम देईन. 'गैरसमज झाला' असं लिहू नकोस. गैरसमज कुणाचाही झालेला नाही.

तुझ्या ३ दिवसांतला एक माझ्या रुसण्यात गेलाय, त्याबद्दल माफ कर. मसुदा मला दाखवत बसू नकोस, थेट त्याला पाठव. पाकीट आलं की उघडतानाचं चित्रण कर, वरची पिन तुझ्या फोटोशी ताडून बघ. मग अंक नव्याने विकायला काढण्याआधी टेबलावर स्वच्छ कापड अंथर, हात धू, आणि एकेक पान मोज.

तुझा,
काका