श्वानपालन प्रश्नोत्तरे : पॉइंटर आणि माळावरचे तित्तर

प्रश्न : आमच्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची आठ महिन्यांची कुत्री आहे. शेताला लागून माळ असून तेथे तित्तर आणि लावे भरपूर आहेत. फिरायला नेल्यावर वास लागताच ती एक पाय उचलून, शेपूट ताठ करून थबकते. पण क्षणभरातच पुढे सरकते आणि पक्षी उडाला की त्याच्यामागे धावत सुटते. शिकार करण्याचा आमचा मुळीच विचार नाही, फक्त पक्ष्याच्या वासावर जागीच थबकून उभे राहण्याचा तिच्या जातीचा गुण वाया जाऊ नये असे वाटते. परदेशात अशा कुत्र्यांना रानातल्या पक्ष्यांवरच तयार करतात, असे ऐकले आहे. आम्ही तसे केले तर चालेल का?
(एक वाचक, पाटोदा, जि. बीड)

उत्तर : चालणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही; पकडणे, कुत्रे मागे लावणे, हाकणे आणि तसा नुसता प्रयत्न करणेही तिच्यात येते, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणेसुद्धा. हातात बंदूक नव्हती, ही सबब तेथे कामाची नाही. शेत आपले असले तरी त्यातला तित्तर आपला होत नाही. शिवाय नायगावचे मयूर अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. त्या बाजूला कुत्रीला नेऊच नये.

तरीही परदेशातील पद्धत समजून घ्यावी, कारण आपल्या कुत्रीचे नेमके कोठे चुकते आहे हे तिच्यावरून कळते. रानातला पक्षी कुत्र्याला फार जवळ येऊ देत नाही. तित्तर तर आधी झुडपाझुडपांतून पायांनीच पळतो आणि अगदीच अंगावर आल्यावर फडफडाट करीत उडतो. कोवळ्या कुत्र्याने एक पाऊल जास्त टाकले की पक्षी गेला. असे वरचेवर झाले म्हणजे धावून काही हाती लागत नाही हे त्याला उमगते, आणि मग ते वास प्रथम लागतो त्या जागीच थांबू लागते. मालकाने कितीही ओरडले तरी हे अंतर त्याला शिकवता येत नाही. याउलट गरगर फिरवून, गुंगी आणून गवतात ठेवलेला पाळीव पक्षी जागचा हलत नाही. तो पकडता येतो हे कुत्र्याला एकदा कळले की त्याला हळूहळू पुढे सरकत जाण्याची खोड लागते, आणि ती मोडणे जड जाते. पक्ष्याच्या दृष्टीनेही तो प्रकार क्रूरच आहे.

आपण घरच्या, खुराड्यावर हमखास परतणाऱ्या कबुतरांकडून हे काम करून घ्यावे. हवा खेळेल अशी पेटी गवतात ठेवावी, तिच्या झाकणाला लांब दोरी बांधावी आणि ती ओढायला एक माणूस आडोशाला बसवावा. कुत्रीला पेटीकडे सरळ न नेता वाऱ्याला आडवे चालवावे, म्हणजे डोळ्यांनी पेटी दिसण्याआधी तिच्या नाकाला वास लागेल. वास लागला की तिचे डोके झटक्यात वळते, आणि लक्ष ठेवण्याचा क्षण तोच. गळपट्ट्याची दोरी नुसती धरावी, ओढू नये, आणि तोंडातून शब्द काढू नये. तिने एक पाऊल पुढे टाकले रे टाकले की झाकण उघडून कबूतर उडाले पाहिजे, म्हणजे माळावरचा तित्तर जे करतो तेच कबूतर करील. दोरीमुळे तिला पाठलाग करता येणार नाही. ती थांबून राहिली तर आपण तिच्या बाजूने शांतपणे पुढे जावे आणि मग कबूतर सोडायला लावावे. एका वेळी दोन-तीन कबुतरे पुरेत. पेटीला माणसाचा वास येतो, तेव्हा दोन-तीन रिकाम्या पेट्याही इकडेतिकडे ठेवाव्यात. नाहीतर ती हुशार जात पक्षी सोडून पेटी शोधायला शिकते.

गळपट्ट्याची दोरी आठ-दहा मीटरची असावी आणि तिच्या टोकाला गाठ नसावी, कारण गाठ बोरी-बाभळीत अडकते. हातमोजे घालावेत. ‘थांब’ हा शब्द अंगणात, जेवणाच्या भांड्यासमोर पक्का करावा. पक्ष्याजवळ दटावल्यास काही कुत्री वास येऊनही न आल्यासारखे करून वळून जातात, आणि तो दोष पुढे सरकण्यापेक्षा वाईट.

आपल्या भागात या कामाला दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम. सकाळी दव असते आणि वास जमिनीलगत टिकतो. ऊन चढून हवा कोरडी झाली की चांगल्या नाकाचा कुत्राही चाचपडतो. याच दिवसांत कुसळे वाळलेली असतात, म्हणून परतल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान रोज तपासावेत. कुसळ कातडीत शिरले की आत सरकत जाते आणि तेथे पू होतो. आठव्या महिन्यात सांधे अजून पक्के झालेले नसतात, तेव्हा मोटरसायकलमागे पळवण्याचा मोह आवरावा.

फिरताना खऱ्या तित्तरावर ती थबकलीच, तर तित्तर उठवायला जाऊ नये. जवळ जाऊन दोरी लावावी, पाठीवर हात ठेवावा आणि तिला आल्या वाटेने वळवावे. चैत्रापासून पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे तित्तर-लाव्यांच्या विणीच्या काळात, माळावर ती बांधलेलीच असावी.

प्रश्न : पॉइंटरबरोबर वाढणारे आमचे कारवानी पिल्लू हे शिकेल का?
(एक वाचक, चाकूर, जि. लातूर)

उत्तर : नाही. पक्ष्याच्या वासावर थबकणे हे रक्तातून येते. शिकवण्याने ते केवळ टिकाऊ होते. कारवानी नजरेवर धावणारा कुत्रा आहे, हलते ते पाहिले की तो सुटतो. त्याला हाक मारताच परत येणे शिकवावे, तेवढेच पुष्कळ. कबुतरांच्या सरावाच्या वेळी मात्र त्याला घरी बांधून ठेवावे, कारण तो धावला की पॉइंटर थांबणार नाही.