सरकारी पैसा कोणत्या मापाने मोजला जातो?

प्रश्न असा आहे: "सरकारने अर्थव्यवस्थेत हात घातला की वाटोळं होतं, असं सगळे सांगतात. मग दक्षिण कोरिया सरकारच्याच जोरावर वर कसा आला?"

सरकारने हात न घातलेली मोठी अर्थव्यवस्था आधुनिक इतिहासात शोधून सापडायची नाही. त्यामुळे सरकारने पैसा कशाच्या मापावर सोडला आणि ते माप वाकवणं कोणाच्या हातात होतं, एवढं बघितलं की बराच गुंता सुटतो.

मुक्त बाजाराचं माहेरघर मानलेली अमेरिकाच घ्या. 1862च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने देशाच्या आरपार जाणारा लोहमार्ग दोन बाजूंनी बांधत येणाऱ्या दोन कंपन्यांना मैलामागे सरकारी रोखे कर्जाऊ दिले: सपाटीवर 16,000 डॉलर, दोन पर्वतरांगांच्या मधल्या भागात 32,000 आणि डोंगरात 48,000. वर दर मैलाला जमीन, तीही 1864 साली दुप्पट झाली. रूळ टाकून झालेला टप्पा सरकारी तपासनिसांनी पास केल्यावरच रोखे हातात पडत. कागदावर चोख व्यवस्था. पण डोंगर कुठे सुरू होतो? ते राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचं होतं. पश्चिमेकडून बांधत निघालेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने भूगर्भतज्ज्ञाचा दाखला जोडला की मातीच्या गुणांवरून सिएरा नेवाडा या डोंगररांगेचा पायथा आर्केड क्रीकपाशी, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरापासून जेमतेम सात मैलांवरच लागतो. तिथली जमीन तळहातासारखी सपाट! लिंकन यांनी मान्यता दिली. पलीकडे पूर्वेच्या बाजूने येणाऱ्या युनियन पॅसिफिकने ओमाहाजवळ मार्गाला वळसा देऊन नऊ मैल वाढवले. बांधकामाचं कंत्राट क्रेडिट मोबिलिए कंपनीकडे, आणि तिचे धनी रेल्वेचेच कारभारी. 1872 मध्ये भांडं फुटलं तेव्हा काही अमेरिकी संसद सदस्यांकडे तिचे स्वस्तात मिळालेले शेअर निघाले.

तरीही 10 मे 1869 रोजी दोन्ही टोकं जोडली गेली, हे विसरू नका. मैलाला पैसे होते, मैल मिळाले. टिकाऊ बांधकामाला वेगळे पैसे नव्हते, म्हणून बराचसा मार्ग नंतर पुन्हा नीट करावा लागला.

आता कोरिया. 1961च्या लष्करी उठावानंतर पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने व्यापारी बँका ताब्यात घेतल्या. 1964 मध्ये डॉलरचा भाव 130 वोनवरून (वोन म्हणजे कोरियाचं चलन) सुमारे 255 वर नेला. या पायरीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ती चुकली असती तर पुढचं सगळं पाण्यात गेलं असतं. चलन कृत्रिमरीत्या महाग ठेवलं की निर्यातदाराला माल पाठवणं परवडतच नाही, मग अनुदान कितीही ओता. 1965च्या व्याजदर सुधारणेनंतर साधं बँक कर्ज 26 टक्क्यांनी मिळे आणि निर्यातीचं 6.5 टक्क्यांनी. स्वस्त कर्जासाठी कारखानदाराने परदेशी गिऱ्हाइकाचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल पोहोचला की पैसे देऊ अशी त्याच्या बँकेची लेखी हमी, बँकेत न्यायचं, त्यावर कर्ज जवळजवळ आपोआप मंजूर. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. परदेशी गिऱ्हाईक ना कोणाचा मेहुणा, ना कोणाच्या पक्षाचा. त्याला शर्ट पसंत पडला तरच तो पैसे देणार. माप सरकारच्याही हाताबाहेर आणि कारखानदाराच्याही.

गळती तिथेही होतीच. निर्यातीसाठीचा कच्चा माल शुल्काशिवाय आणता येई आणि कामात त्यातला किती माल वाया जातो असं धरायचं, याचं प्रमाण सरकार ठरवी. ते सढळ ठेवलं की वाचलेलं सूत देशात चढ्या भावाने विकता येई. सरकारला हे ठाऊक होतं; छुपं अनुदानच म्हणा. फरक एवढाच की ते मिळवायलाही आधी माल बाहेर पाठवावा लागे. 1964 मध्ये निर्यात 10 कोटी डॉलरवर पोहोचली, 1977 मध्ये 1,000 कोटी.

अर्जेंटिनाने 1946 नंतर याच्या उलट केलं. सरकारी संस्थेने शेतकऱ्यांकडून जागतिक भावापेक्षा स्वस्त धान्य घेतलं आणि फरकाचा पैसा मुख्यतः देशातच माल विकणाऱ्या उद्योगांकडे वळवला. या उद्योगांना बाहेरची परीक्षा नव्हती, शेतकऱ्याला पेरायचा हुरूप उरला नाही, त्यात दुष्काळ पडला. यंत्रं आणायला लागणारे डॉलर ज्या धान्यातून यायचे, तेच आटलं.

कोरियाचं कौतुक मात्र 1973 पर्यंतच बिनशर्त करावं. पोहांगचा पोलाद कारखाना जागतिक बँकेने अव्यवहार्य ठरवला होता. 1965च्या करारातून जपानकडून मिळालेल्या रकमेचा काही भाग तिकडे वळवून तो 1973 मध्ये सुरू झाला, क्षमता वर्षाला 10.3 लाख टन. तो यशस्वी झाला, आणि त्याच वर्षी सरकारने पोलाद, जहाजबांधणी, यंत्रं, रसायनं अशा जड उद्योगांचा धडाका लावला. आता कर्ज लेटर ऑफ क्रेडिटवर नव्हे, तर सरकारने निवडलेल्या प्रकल्पाला मिळू लागलं. निवड झालेले समूह फुगत गेले, कारण इतक्या मोठ्या कर्जदाराला सरकार बुडू देणार नाही हे त्यांनी ओळखलं. काही क्षेत्रांत क्षमता इतकी जास्त झाली की 1980 मध्ये सरकारलाच कारखाने एकत्र करायला लावावे लागले. कर्जावर वाढण्याची सवय तरी सुटली नाही. जानेवारी 1997 मध्ये हान्बो स्टील कोसळली आणि वर्षाअखेर देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं दार ठोठवावं लागलं.

मग हीच 1965ची पद्धत आज कोणी जशीच्या तशी उचलू शकेल का? बहुतेक देशांना नाही. 1995 पासूनच्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात निर्यातीच्या अटीवर दिलेलं अनुदान सरळ निषिद्ध आहे, फक्त सर्वांत गरीब देशांना सूट आहे. आयातीऐवजी देशी माल वापरण्याच्या अटीवर दिलेलं अनुदानही तसंच. म्हणून आजची सरकारं संशोधन, प्रशिक्षण, जमीन, वीज आणि सरकारी खरेदी यांच्या आडून तेच काम करतात, आणि तिथे परदेशी गिऱ्हाइकाऐवजी माप पुन्हा खात्यातल्या अधिकाऱ्याच्या हातात येतं.