वाडा पाडताना खालच्या हॉटेलाचं काय?

वाचकांचे प्रश्न

जुन्या नाशकात ‘हॉटेल’ म्हटलं की चहा, मिसळ, चार बाकडी आणि सगळ्यांत फिरणारा एकच पेपर. भद्रकाली, दहीपूल, तिवंधा, रविवार कारंजा या भागातले वाडे पुनर्विकासाला निघाले आहेत आणि त्यांच्या तळमजल्यावरची ही हॉटेलंही सोबत चालली आहेत. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत.

प्रश्न : वाड्याच्या तळमजल्यावर आमचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे, भाडेकरू म्हणून तिसरी पिढी. मालक बिल्डरला वाडा देत आहेत. ‘आहे तेवढी जागा नव्या इमारतीत मिळेल’ असं पत्र द्यायला तयार आहेत. सही करावी का?
– एक भाडेकरू, भद्रकाली

उत्तर : एवढ्याच वाक्यावर करू नका. ‘तेवढी’ म्हणजे किती आणि ‘मिळेल’ म्हणजे कुठं, हे दोन्ही त्यात मोघम आहे.

आधी ‘किती’ ते पाहू. वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. बाहेरून 12 बाय 25 फूट, म्हणजे 300 चौरस फूट दिसणारा गाळा आतून मोजला तर 8 बाय 21, म्हणजे 168 भरतो. नव्या इमारतीची भिंत सहा-नऊ इंचांची. त्यामुळे बोलणी कुठल्या मापावर चालली आहेत, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं माप) की बाहेरचं माप, ते पहिल्याच कागदावर लिहून घ्या. पोटमाळा, दारापुढचा ओटा आणि मागची मोरी धरली की नाही, यावरून नंतर हमखास वाद होतो. मापाचा नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून काढून घ्या आणि त्यावर मालकाची, बिल्डरची आणि तुमची अशा तिन्ही सह्या घ्या.

‘कुठं’ हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नव्या इमारतीत तळमजला बहुतेक पार्किंगला जातो, रस्तारुंदीची रेषा असेल तर पुढची पट्टीही जाते, आणि तुमच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरचा किंवा मागच्या बोळातला गाळा येतो. चौरस फूट बरोबर भरतात, पण सकाळी सहाला बाजारात जाणारा हमाल जिना चढून चहा प्यायला येत नाही. म्हणून करारात मजला, रस्त्याकडची रुंदी फुटांत आणि गाळ्याचा क्रमांक लिहा, आणि मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर तो गाळा रंगवून जोडा.

हॉटेलासाठी आणखी चार गोष्टी आजच मागा : धूर गच्चीच्या वर नेणारा स्वतंत्र शाफ्ट (किमान दीड बाय दीड फूट), सांडपाण्याआधी तेल-चरबी अडवणारं चेंबर, व्यावसायिक वीजजोड आणि पाण्याची स्वतंत्र टाकी. यातला शाफ्ट सगळ्यांत जास्त विसरला जातो. नकाशात तो नसेल तर वरच्या रहिवाशांची पहिली तक्रार तळणीच्या वासाची येते, आणि तेव्हा स्लॅब फोडता येत नाही.

हा करार ‘कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार’ म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. साध्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी पुरेशी नाही. मधल्या काळातलं भाडं, मुदत, आणि उशीर झाला तर दरमहा किती द्यायचं, हे सगळं त्यातच हवं. मालक संमतीऐवजी कोर्टात गेले तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू होतो. पाडून नवं बांधायचं या कारणावर ताबा मागणाऱ्या मालकाला पैशांची सोय आणि आराखडे तयार असल्याचं दाखवावं लागतं. शिवाय पाडकाम एका महिन्यात सुरू करून तीन महिन्यांत संपवण्याची आणि बांधकाम पंधरा महिन्यांत पुरं करण्याची हमी द्यावी लागते. संमतीच्या करारात हे आकडे आपोआप येत नाहीत, ते तुम्हीच घालायचे.

प्रश्न : महापालिकेनं वाडा धोकादायक ठरवला आहे. मालक म्हणतात, इमारत पडली की तुमचा हक्कही संपला. खरं आहे का?
– वाचक, जुनी तांबट लेन

उत्तर : नाही. महापालिकेनं इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क त्यासोबत संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली दिला आहे. हक्क आहे, पण पुरावा ढिगाऱ्याखाली गेला तर तो सिद्ध करायला वर्षं जातात.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस आली असेल तर ती नीट वाचा. धोकादायक इमारतींचे वर्ग असे : सी-1 म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-2 ची इमारत ‘पडायलाच आली’ म्हणून सांगितली जाते, तेव्हा संरचना तपासणीचा अहवाल लेखी मागा.

सी-1 असेल तर मात्र भांडत आत बसू नका. जुन्या नाशकातले वाडे पावसाळ्यातच कोसळतात. मातीच्या भिंतीत पाणी मुरून ती जड होते, भिंतीत गाडलेली तुळईची टोकं आधीच कुजलेली असतात, आणि एक तुळई सुटली की कडीपाट (लाकडी छत) अख्खा खाली येतो. बाहेर पडण्याआधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या, तुमच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून प्रमाणपत्र मागा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. भाडेपावत्या, घरपट्टीच्या उताऱ्यावरचं भोगवटादार म्हणून नाव, वीजबिलं आणि खाद्य परवाना यांच्या प्रती घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिकाही काढून घ्या, कारण मालक म्हणून बोलणारे खरंच तेवढेच मालक आहेत का हे तिथंच कळतं. मालक भाडं नाकारत असतील तर धनादेश पोचपावतीच्या टपालानं दरमहा पाठवत राहा. भाडं थकलं की उरलेली केस तिथंच कमजोर होते.

प्रश्न : लंडनमध्ये बिल्डरनं पाडलेला जुना पब सरकारनं पुन्हा बांधायला लावला, असं ऐकलं. आपल्याकडे असं होईल का?
– वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तो पब मैदा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न. 2015 साली परवानगीशिवाय पाडला. वेस्टमिन्स्टरच्या नगरपरिषदेनं तो होता तसा उभारण्याचा आदेश दिला, आणि 2021 मध्ये तो पुन्हा उघडला. हे जमलं त्याचं कारण भावनिक नाही : वारसा यादीसाठी पाहणी आधीच झाली होती, छायाचित्रं आणि फरशांचे साचे हाताशी होते. नाहीतर ‘होता तसा’ म्हणजे कसा, हेच कुणाला सांगता आलं नसतं.

तिथं आणखी एक हत्यार आहे. 2011 च्या कायद्यानं स्थानिक लोक एखादा पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवू शकतात. मग तो विकायला निघाला तर लोकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला नियोजन परवानगीही लागते. म्हणजे तिथं इमारतीसोबत तिचा वापरही थोडाफार जपला जातो. आपल्याकडची वारसा यादी श्रेणी 1, 2, 3 अशी असते आणि ती इमारत जपते. सरकारवाड्यासारखी वास्तू राज्य संरक्षित स्मारक होऊ शकते, पण तळमजल्यावर चहाच उकळला पाहिजे असं कुठलीच यादी म्हणत नाही. ते काम पहिल्या उत्तरातल्या कराराचं.

प्रश्न : हॉटेलाचं सागवानी दार, खांब आणि गल्ल्यापुढची कोरीव पट्टी नव्या गाळ्यात वापरायची आहे. काढताना काय सांभाळावं?
– वाचक, पंचवटी

उत्तर : आधी लाकूड कुणाचं ते ठरवा. खांब-तुळया मालकाच्या, तुमचं फर्निचर तुमचं. मधलं जे काही, ते करारात यादी करून लिहा. विकत घ्यायचं तर भाव घनफुटावर ठरतो : लांबी फुटांत, गुणिले रुंदी आणि जाडी इंचांत, भागिले 144. आठ फुटी, 8 बाय 8 इंची खांब साडेतीन घनफुटांच्या जरा वर भरतो.

पाडणाऱ्याचा ठेका ‘झटपट’ असतो. तो तुळई खालून दोर लावून ओढतो आणि सांध्यात बसणारी कूस तुटते. तुमचे भाग पाडकाम सुरू होण्याआधी सुतार लावून वरून खाली उतरवा. प्रत्येक तुकड्याला पत्र्याचा क्रमांक ठोका, खडूचा पावसात जातो. तोच क्रमांक फोटोवर लिहा. लहान-मोठे सगळे खिळे लगेच काढा, नाहीतर रंधा मोडतो. कुजलेलं टोक सहा इंच कापावं लागतं, म्हणून उंचीचा हिशेब त्याप्रमाणे करा. भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. बोरॅक्स-बोरिकचं पाणी दोन-तीन हात मारून पूर्ण वाळू द्या. ठेवताना जमिनीपासून सहा इंच वर, थरांमध्ये पट्ट्या घालून, छपराखाली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत घाम धरतो. खांबाखालचा दगडी तळखडा विसरू नका. नव्या गाळ्यात फरशी रोज धुतली जाणार, आणि खांब थेट फरशीवर उभा राहिला तर तळापासून पाणी ओढतो.

प्रश्न : तात्पुरत्या जागेत तोच खाद्य परवाना चालेल का?
– वाचक, दहीपूल

उत्तर : नाही. परवाना पत्त्याला बांधलेला असतो, नव्या जागेसाठी नवा घ्यावा लागतो. जुना मात्र लगेच परत करू नका. मूळ पत्त्यावर तुम्ही व्यवसाय करत होता, याचा तो सरकारी पुरावा आहे, त्याच्या सगळ्या वर्षांच्या प्रती आधी काढून ठेवा.